तांबं वेगळं, घडणावळ वेगळी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात वाचकांच्या पत्रांत एका गृहस्थांनी लिहिलं होतं की, नाशिककर बुधवारच्या बाजारात मेथीच्या जुडीपायी पाच रुपयांसाठी हुज्जत घालतात आणि शोरूममध्ये मात्र मुकाट्याने कार्ड पुढे करतात. तेव्हा भाव करण्याची ही सवयच आपण सोडावी, असं त्यांचं म्हणणं. पत्राचा पहिला अर्धा भाग मला मान्य आहे. गोदाघाटावर गोणपाट टाकून बसलेल्या बाईचा माल संध्याकाळी सातला असाही अर्ध्या किमतीत जातो, तिच्याकडून आणखी पाच रुपये काढण्यात कसला पराक्रम? पण दुसरा अर्धा भाग वाचून मी चहाचा कप खाली ठेवला. शोरूममध्ये मुकाट बसायचं आणि बाजारातही मुकाट बसायचं, म्हणजे गप्प बसण्याचीच समानता झाली की.

मी सातपूरच्या एका कारखान्यात २७ वर्षं खरेदी विभागात होते. नटबोल्ट, कटिंग ऑइल, पुठ्ठ्याची खोकी, एकदा तर कॅन्टीनची ताटंसुद्धा. २०१९ साली निवृत्त झाले. त्यानंतर इतका जीव ओतून एकच खरेदी केली, ती गेल्या मे महिन्यात. गरम पाण्याचा टब. हसू नका.

मुलगा आणि सून गिरणारे रस्त्याला आमच्या शेतातल्या घरात दोन खोल्यांचा होमस्टे चालवतात. बाजूला द्राक्षबाग, मागे डोंगर, सकाळी मोर ओरडतो. मुंबईकरांना एवढं पुरेल असं मला वाटत होतं. पण फोनवर पहिला प्रश्न वायफायचा आणि दुसरा, ‘जकुझी आहे का?’ सून म्हणाली, ‘आई, सिंहस्थ तोंडावर आलाय, गर्दी वाढणार.’ सिंहस्थाला येणारा माणूस रामकुंडात उतरेल, तो टब कशाला मागेल, हा माझा प्रश्न तिने हसून सोडून दिला. टब घ्यायचा ठरला आणि बोलणी माझ्याकडे आली.

जकुझी हा शब्द आधी निकालात काढते, कारण पहिला घोळ तिथेच होतो. जकुझी हे कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या एका इटालियन कुटुंबाचं आडनाव. त्यांचा पंपांचा धंदा होता. त्यांच्याच घरातल्या एकाने १९६८ मध्ये फवारे आतच बसवलेला टब बाजारात आणला आणि पुढे, आपल्याकडे कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणतात तसं, सगळ्यांनाच जकुझी म्हणू लागले. दुकानात या एका नावाखाली दोन अगदी निराळ्या वस्तू मिळतात. एक न्हाणीघरातला, दर वेळी भरायचा आणि रिकामा करायचा, फवारे असलेला टब. दुसरा बाहेर ठेवायचा, स्वतःचा हीटर, गाळणी आणि झाकण असलेला, ज्यात तेच पाणी साफ करून दिवसेंदिवस वापरतात. पहिल्याची किंमत ऐकून दुसऱ्याची बोलणी करायला गेलात तर दुकानदार तुम्हाला दोन मिनिटांत ओळखतो.

गंगापूर रोडच्या बाजूच्या त्या दुकानाचं नाव लिहीत नाही. पुढची सर्व्हिस अजून त्यांच्याकडूनच घ्यायची आहे. काचेचं दार, आत गारवा, छोट्या ग्लासात मसाला दूध आणि सात टब. एकावरही किमतीची चिठ्ठी नाही. आमच्या भाजीवालीकडे पाटी असते हो, ‘वांगी ६०’ म्हणून.

विक्रेता मुलगा चुणचुणीत होता. त्याचे प्रश्न असे: साइट कुठे आहे, काम कुठल्या स्टेजला आहे, आर्किटेक्ट कोण, आणि शेवटी गोड आवाजात, ‘मॅडम, बजेट काय धरलंय?’ खरेदी विभागात पहिल्या महिन्यात शिकवतात की बजेट सांगितलं की कोटेशन बरोबर त्या आकड्यावर येऊन बसतं. मी म्हटलं, ‘बजेट मालाचं बघून ठरेल, तू आधी कोटेशन दे.’ तेवढ्यात आमचे हे म्हणाले, ‘आठ-साडेआठपर्यंत जाऊ आपण.’ सदतीस वर्षांच्या संसारात मी त्यांच्याकडे असं कधी पाहिलं नसेन.

कोटेशन आलं. टब ७,२०,०००. त्यावर १८ टक्के जीएसटी १,२९,६००. एकूण ८,४९,६००. म्हणजे साडेआठच. खाली बारीक अक्षरात: झाकण ४२,०००, पायऱ्या १४,०००, जोडणी २५,०००, या तिन्हींवर कर वेगळा, वाहतूक आणि क्रेन प्रत्यक्ष खर्चाप्रमाणे, ओटा आणि वायरिंग ग्राहकाकडे. बेरीज केली तर क्रेन न धरताच ९,४५,१८० झाले. यांना वाटत होतं सगळं साडेआठात आलं.

इथे मला माझी आई आठवली. मी आठवीत असताना तिने भांडी बाजारातून तांब्याचा बंब घेतला होता. दुकानदाराने बंब तराजूत टाकला, वजन सांगितलं, त्या दिवशीचा तांब्याचा किलोचा भाव सांगितला आणि मग घडणावळ वेगळी सांगितली. आमच्या जुन्या पातेल्याची मोड त्यातून वजा. आईने तांब्याच्या भावावर एक शब्द काढला नाही. तिची सगळी घासाघीस घडणावळीवर आणि मोडीच्या भावावर. बंब तरी काय, गरम पाण्याचंच भांडं. पन्नास वर्षांत भांडं मोठं झालं आणि तराजू गेला.

म्हणून मी ‘किती कमी कराल?’ हे विचारलंच नाही. तो प्रश्न विचारला की समोरचा पाच टक्के सोडतो, आपण दहा मागतो, साडेसातावर हात मिळवतो आणि दोघंही खूश होतो. मूळ आकडा बरोबर होता की हवेतला, हे कुणालाच कळत नाही. मी आणखी दोन ठिकाणांहून कोटेशनं मागवली. एक अंधेरीच्या आयातदाराचं, ६,८५,००० अधिक कर, माल भिवंडीच्या गोदामातून आपण उचलायचा. एक पुण्याच्या कारखान्याचं, देशी फायबरचा टब ३,९०,०००, पण हीटर लहान आणि झाकण साध्या फोमचं. मग जुन्या सवयीने आडव्या कागदावर तक्ता केला: लिटर, हीटर किती किलोवॅटचा, पंप किती ताकदीचे, कवचाची हमी किती वर्षं, पंपाची किती, हीटरची किती. हमीच्या पानावर मोठ्या अक्षरात जी वर्षं असतात ती बहुतेक नुसत्या कवचाची असतात. बंद पडतो तो पंप, आणि त्याची हमी खालच्या ओळीत असते.

त्या तक्त्यात एक रकाना मी मुद्दाम ठेवला नाही. फवाऱ्यांची संख्या. विक्रेत्याचा सगळा भर त्यावर होता, ‘हा ३८ जेटचा, हा ५२ जेटचा, फरक फक्त ऐंशी हजार.’ मी विचारलं, पंप तोच आहे का? तोच होता. एकाच मोटारीवर नळ वाढवले तर प्रत्येकाची धार बारीक होते, हे ज्याने शेताला पाणी दिलंय त्याला कोटेशनशिवाय कळतं.

हीटरचं गणितही कोटेशनच्या पाठीवर करून दाखवलं. टब १,२०० लिटरचा. डिसेंबरातलं आमच्या टाकीतलं पाणी २० अंश धरलं आणि ४० अंशांपर्यंत न्यायचं म्हटलं तर २८ युनिटं वीज लागते. हीटर ३ किलोवॅटचा, म्हणजे सव्वानऊ तास. तो मुलगा म्हणाला होता, ‘दोन तासांत गरम, मॅडम.’ त्याच्यावर माझा राग नाही, त्याला कुणी तरी तेच पढवलं असणार. युनिटला १५ रुपये धरले तर एकदा पाणी तापवायला ४२० रुपये. म्हणजे एकदा तापलेलं पाणी निवू न देणं हाच सगळा खेळ आणि तो खेळ झाकणावर. मी म्हटलं, ‘झाकण हे जास्तीचं सामान कसं? झाकणाशिवाय कुणी कुकर विकतं का?’ झाकणाचे बेचाळीस हजार तिथे पडले.

मुलाला टब गच्चीवर हवा होता, डोंगर दिसतो म्हणून. विक्रेताही ‘व्ह्यू मस्त येईल’ म्हणाला. १,२०० लिटर म्हणजे १,२०० किलो, कवच २८० किलो, वर चार माणसं २८० किलो. पावणेदोन टन, आणि ते दोन मीटर बाय दोन मीटरच्या चौकोनात. म्हणजे चौरस मीटरला ४४० किलो. घरातल्या खोल्यांचा स्लॅब आपल्याकडे साधारण २०० किलोंचा भार धरून काढतात. आमच्या इंजिनिअरने फोनवर एवढंच विचारलं, ‘काकू, खाली कोण झोपतं?’ टब जमिनीवर आला. भाव करायला बसलेल्या माणसाने आधी आपल्याला काय नको ते ठरवावं. गच्ची गेली तशी मोठ्या क्रेनची बातही गेली.

आता मुख्य बोलणी. मे महिना, दुपारी ऊन चाळिशीला टेकलेलं. नाशिकमध्ये त्या वेळी गरम पाण्याचा टब विकायला बसलेल्या माणसाची अवस्था मला कळत होती. निफाडला पारा घसरल्याच्या बातम्या डिसेंबर-जानेवारीत तुमच्या पहिल्या पानावर येतात तेव्हा त्याच्याकडे फोन वाजत असतील. मेमध्ये नुसतं भाडं आणि बँकेचं व्याज वाजतं. कोपऱ्यात एक क्रीम रंगाचा टब दिसत होता. इतरांवर धूळ नव्हती, त्याच्यावर होती. विचारलं तर म्हणाला, डिस्प्ले पीस, वर्ष झालं, आता सगळ्यांना राखाडी रंग हवा असतो. यंत्र तेच, लिटर तेच. मी मालकांना भेटायचं म्हटलं.

मालक सभ्य गृहस्थ. मी त्यांना सरळ सांगितलं की, तुम्ही नफा मिळवावा अशीच माझी इच्छा आहे, कारण तुमचं दुकान बंद पडलं तर हमीचा कागद मी कुणाला दाखवू? पण वर्षभर जागा अडवून बसलेल्या टबावर ताज्या मालाचा नफा मागू नका. अंधेरीचा आकडा दाखवला. पुण्याचा दाखवला नाही. तो माल निराळा होता आणि निराळ्या मालाचा भाव तोंडावर फेकणं ही लबाडी आहे. कारखान्यातही मी ती केली नाही. (एकदा केली होती. १९९८ साली. पॅकिंगच्या पट्ट्या. त्या पुरवठादाराने पुढच्या खेपेला बरोबर वसूल केलं.)

आणि मग मी गप्प बसले. खरेदीत यासारखं अवघड काही नाही. मालक कॅल्क्युलेटर चाळवत होते, मी टबाच्या कडेवरून हात फिरवत होते, कुणी बोलत नव्हतं. आमच्या यांना शांतता सोसत नाही. ते घसा खाकरून म्हणाले, ‘बरं मग, आठ...’ मी म्हटलं, ‘अहो, गाडी उन्हात लावलीय का हो?’ ते गाडी बघायला गेले. परत आले तेव्हा आकडा झाला होता: ५,६०,००० अधिक १८ टक्के कर १,००,८००, एकूण ६,६०,८००. त्यात झाकण, पायऱ्या, जोडणी, वाहतूक आणि क्रेन.

गाडीत हे म्हणाले, ‘अगं, शोभतं का या वयात?’ मी विचारलं, आपल्या बागेत द्राक्षाचा व्यापारी येतो, मणी मोजतो, गोडी तपासतो, ढग आलेत म्हणून किलोला चार रुपये पाडतो, तेव्हा तो अशोभनीय वागतो का? तेव्हा तुम्हीच म्हणता की धंदा आहे. पिकवणाऱ्याने पाडून द्यायचं आणि विकत घेताना शोभेसाठी जास्त द्यायचं, हा नाशिक जिल्ह्याचा जुना तोटा आहे.

बोलणी झाल्यावर खरी परीक्षा आली. दुसऱ्या दिवशी त्या मुलाचा फोन: ‘काकू, बिल नको असेल तर कर वाचेल. एक लाख आठशे.’ मी आता मॅडमची काकू झाले होते. घरात बैठक बसली. यांना आणि मुलालाही मोह झाला, खोटं का सांगू? पण बिल नसेल तर मी तो टब घेतलाच नाही असा अर्थ होतो. मग हमी कशाची आणि तक्रार कुठे? ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे बिल न देणं हीच मुळात अनुचित व्यापारी प्रथा आहे. पक्कं बिल हातात असेल तर आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात जाता येतं. दिलेली रक्कम ५० लाखांच्या आत असली की प्रकरण जिल्ह्यातच चालतं. त्याआधी १९१५ या क्रमांकाच्या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. जो करबुडवा लाखाची सवलत देतो, तो त्या लाखात तुमचे हे सगळे दरवाजे विकत घेतो.

बिल कुणाच्या नावे करायचं यावरही थांबून विचार करावा लागला. व्यापारी कामासाठी घेतलेल्या वस्तूला ग्राहक कायद्याचं संरक्षण नसतं. स्वतः राबून पोट भरण्यापुरता धंदा असेल तर त्याला अपवाद आहे. मुलगा आणि सून दोन खोल्या स्वतःच झाडतात, पोळ्या स्वतः लाटतात, म्हणून बिल मुलाच्या नावे केलं आणि ते राबणं कुणी नाकारू नये म्हणून खर्चाची वही नीट ठेवायला सांगितलं. होमस्टे चालवणाऱ्या मंडळींनी मोठी खरेदी करताना वकिलाला एक फोन जरूर करावा.

शेवटची अट माझी होती. ५०,००० रुपये राखून ठेवणार, पाणी भरून, तापवून, सात दिवस टब चालल्यावर देणार. मालक पहिल्यांदा चिडले. ‘असं कुणी करत नाही, मॅडम.’ काकूची परत मॅडम. मी म्हटलं, कारखान्यात आम्ही दर यंत्राला दहा टक्के राखायचो, हे त्याहून कमी आहे. ऑर्डरच्या कागदावर ते वाक्य लिहून दोघांच्या सह्या झाल्या.

टब आला त्या दिवसाची कथा वेगळी सांगण्यासारखी आहे. बागेकडे जाणारी वाट मांडवाच्या तारांमुळे अरुंद, तिथे हायड्रा क्रेन वळेना. शेवटी बारा मजुरांनी टब पालखीसारखा खांद्यावर नेला, मागे आमचा कुत्रा. क्रेन किमतीत धरलेली असल्याने मजुरी दुकानाने दिली. चौथ्या दिवशी टबाच्या मागच्या बाजूने जमीन ओली दिसू लागली. वर्षभर कोरडा उभा राहिलेला टब, आतल्या जोडांची रबरी वायसरं वाळून आखडली होती. डिस्प्ले पीस स्वस्त का असतो याचं एक कारण तेही आहे, आणि ते मला आधी सुचायला हवं होतं. फोन केला. ‘माणूस पाठवतो’ म्हणाले. पन्नास हजारांची आठवण मी करून दिली नाही, त्यांना ती होतीच. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला माणूस हजर, सगळी वायसरं बदलली. आठ दिवस जास्तीचे थांबून मी पैसे दिले, पावती घेतली.

संपादक महोदय, माझी मागणी लहान आहे. लाखांच्या वस्तू विकणाऱ्यांनी वस्तूवर किंमत लिहावी आणि त्या किमतीत काय आहे, काय नाही, ते त्याच आकाराच्या अक्षरात लिहावं. आपल्या वृत्तपत्रातल्या जाहिरातींतही ‘पासून सुरू’ या शब्दांचा आकार आकड्याइतकाच असावा, एवढं आपण जाहिरात विभागाला सांगू शकाल. आणि त्या गृहस्थांना सांगा, भाजीवालीला सोडा, मी तुमच्या बाजूने आहे, पण काचेच्या दाराआड गेल्यावर तोंड उघडा.

आता पत्र लिहायला बसलेच आहे तर हेही सांगते, नाही तर सून हसेल. टबाला मीटरपासून वेगळी जाड केबल, स्वतंत्र आर्थिंग आणि शॉक लागू नये म्हणून आरसीसीबी लागतं. घरापासून टब दीडशे फूट. त्या कामाचे ३८,००० झाले आणि मागून कळलं की शेजारच्या शेतात तेवढ्याच कामाचे चोवीस झाले होते. त्याचं कोटेशन मी घेतलं नव्हतं. वायरमन आमच्या ह्यांच्याच मावसबहिणीचा मुलगा आहे.

आपली,
एक निवृत्त खरेदी अधिकारी,
इंदिरानगर, नाशिक
(नाव छापू नये, ही विनंती.)